पेशीवाल्या गायकवाड मॅडम

गायकवाड मॅडमच्या हाताखाली शिकलेला माणूस स्वयंपाकघरात ओळखू येतो. तेलाच्या बाटलीचं झाकण तो ओट्यावर ठेवत नाही. करंगळीच्या वळणात धरतो, तेल ओततो आणि लगेच झाकण लावून टाकतो. मी तर त्यांच्या हाताखालीही नव्हतो. उलट त्यांच्या वह्या तपासणं हे माझं काम होतं. पण सहा वर्षं प्रयोगशाळेच्या काचेतून त्यांचे हात पाहून पाहून माझीही करंगळी तशी वाकायला लागली. बायको अजून हसते. मी तिला कारण सांगत बसत नाही, कारण मग सगळंच सांगावं लागतं.

आमची प्रयोगशाळा चौफुल्यावरून यवतकडे येताना हमरस्त्यापासून आत, उसाच्या पट्ट्यात होती. दोन इमारती, एक पाण्याची टाकी आणि दारात सुकत चाललेली शोभेची झाडं. औषधं शोधणाऱ्या कंपन्या आपली पावडर आमच्याकडं पाठवत. डबीवर नाव नसे, नुसता नंबर. ती आधी पेशींवर घालून पाहायची, मग मागच्या इमारतीतल्या उंदरांवर, आणि जे दिसलं ते लिहून द्यायचं. औषध कशावरचं, पुढं त्याचं काय झालं, हे आम्हाला कधी कळत नसे. परीक्षा घ्यायची आणि मुलगा कुणाचा हे विचारायचं नाही, असा तो धंदा. आजूबाजूच्या वस्त्यांवर आमचं नाव ‘उंदराची कंपनी’ असं पडलं होतं. एसटीचा कंडक्टरसुद्धा फाट्यावर घंटी मारून म्हणायचा, “चला, उंदराची कंपनी उतरा.” त्यात गायकवाड मॅडम शांतपणे उतरायच्या. एकदाच त्या त्याला म्हणाल्या होत्या, “उंदीर मागच्या बिल्डिंगीत हायत. मी पेशीवाली.” तेव्हापासून कंडक्टर त्यांना पेशीवाल्या बाई म्हणायला लागला आणि त्यांना ते आवडलं असावं.

बुटक्या, सावळ्या, पन्नाशी ओलांडलेल्या. राहायला दौंडला. वडील रेल्वेत गँगमन होते. कॉलेज दौंडलाच केलं, मग पुण्यात एका मोठ्या संस्थेत वीस वर्षं पेशी वाढवल्या आणि आई थकली तेव्हा गावाकडं परत आल्या. नवरा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, अतिशय मवाळ माणूस. तो रोज सकाळी त्यांना स्कूटरवरून स्टँडवर सोडायचा आणि गाडी सुटेपर्यंत थांबायचा. आमच्या संस्थेत मॅडमच्या हाताखाली चार मुली होत्या आणि खोली सगळी मॅडमच्या जिवावर चालायची. विभागप्रमुख ही पाटी मात्र दुसऱ्याच एका पदवीवाल्याच्या नावाची होती, जो पुण्याहून आठवड्यातून एकदा यायचा. याबद्दल त्या काही बोलायच्या नाहीत. बोलायचे ते आम्हीच, कँटीनमध्ये, त्या नसताना.

पेशी वाढवणं म्हणजे काय, हे मला त्यांनीच पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं. माणसाच्या शरीरातून कधीतरी काढलेल्या पेशी चपट्या बाटलीच्या तळाला चिकटून वाढत असतात. त्यांना उबेत ठेवायचं, दिवसाआड जुनं पाणी काढून नवं घालायचं. या गुलाबी पाण्याला मीडिया म्हणतात, तेच त्यांचं खाणं. दाटी झाली की वेगळं करून नव्या बाटलीत घालायचं. “बाकी काय न्हाई पवार,” त्या म्हणाल्या, “येळच्या येळी खायला घालायचं आन् हात स्वच्छ ठेवायचे. घरात तरी दुसरं काय करतो आपण?” मी कवठे येमाईचा, शेतकऱ्याच्या घरातला. मला ते एकदम पटलं. जनावरं पाळणाऱ्याला सुट्टी नसते, हे मी लहानपणापासून पाहत होतो. मॅडमनाही नव्हती. रविवार असो, दिवाळी असो, त्या येऊन खायला घालून जात. चौदा एप्रिलला दौंडला संध्याकाळी मिरवणूक असे. त्या दिवशी त्या पांढरी साडी नेसूनच सकाळच्या गाडीनं येत, वरून अ‍ॅप्रन चढवत, दोन तासांत काम आटपून परतीची गाडी पकडत. मुलींना त्या दिवशी यायला बंदी होती. “तुमी जावा कार्यक्रमाला. मी म्हातारी, मला कोण बघतंय.”

खोलीत त्या बोलत नसत. हूड म्हणजे गाळलेल्या हवेची, पुढून उघडी पेटी. तिच्यासमोर बसलं की तोंडातून हवा जाते, हवेबरोबर जंतू जातात. त्यामुळं दिवसाचे पाच-सहा तास त्यांचं तोंड मास्कमागं मिटलेलं असायचं आणि सगळं बोलणं डोळ्यांनी. मुली डोळ्यांवरून ओळखायच्या की पिपेट, म्हणजे थेंब मोजून ओढायची नळी, मागतायत की शिव्या देतायत. बाहेर आल्या की मात्र साठलेलं सगळं कँटीनमध्ये बाहेर पडायचं. पाहुण्यांशी पुस्तकी मराठी, आमच्याशी दौंडची.

एकदा एक मोठं गिऱ्हाईक आमची जागा पाहायला आलं. परदेशातून शिकून आलेला, सूट घातलेला माणूस. आमचे संचालक, ज्यांना सगळे डॉक्टर म्हणत, त्याला सगळीकडं फिरवून मॅडमच्या खोलीपाशी घेऊन आले. तो माणूस दारात शिंकला. मॅडमनी हात आडवा धरला. म्हणाल्या, “आपल्याला सर्दी आहे. आपण काचेतून पाहावं.” डॉक्टरांचा चेहरा उतरला. त्यांनी हसून पाहिलं, खाकरून पाहिलं. मॅडम हलल्या नाहीत. शेवटी तो सूटवाला काचेबाहेर पाव तास उभा राहिला आणि आत मॅडम पाठ करून बसल्या. तो गेल्यावर डॉक्टर खूप बोलले. त्या ऐकून घेऊन म्हणाल्या, “साहेब, तुमाला सर्दी असती तरी मी असंच केलं असतं.”

माझं आणि त्यांचं पहिलं भांडण एका शब्दावरून झालं. रोज सकाळी त्या सूक्ष्मदर्शकाखाली एकेक बाटली पाहायच्या आणि वहीत लिहायच्या. एका पानावर मला दिसलं, ‘पेशी नाराज.’ मी वही घेऊन गेलो. म्हटलं, मॅडम, हे असं चालत नाही, उद्या कुणी तपासायला आलं तर नाराज म्हणजे काय म्हणून सांगू? त्यांनी मला खुर्चीवर बसवलं आणि भिंगातून दाखवलं. “ह्या बघा. कडा आखडल्यात. गोल व्हायला लागल्यात. तळ सोडतील उद्यापर्यंत. याला तुमच्यात काय म्हणत्यात?” मी म्हटलं, कडा आखडल्या, गोल झाल्या, हेच लिहा. त्यांनी ‘नाराज’वर एकच सरळ रेघ मारली, खाली सही केली, तारीख टाकली आणि माझे शब्द लिहिले. चुकलेलं खोडायचं नाही, पुसायचं नाही, खालचं वाचता आलं पाहिजे, हा आमच्या कामाचा नियम. तो मी शिकवायचा होता, पण मला त्यांच्याइतका तो कधी जमला नाही.

त्यांच्यात तो इतका मुरला होता की भाचीच्या लग्नपत्रिकेत छापखान्यानं वार चुकवला, तेव्हा मॅडमनी सगळ्या पत्रिका पुढ्यात घेऊन प्रत्येकीवर ‘रविवार’वर एक रेघ मारली, वर ‘सोमवार’ लिहिलं, सही केली आणि तारीख टाकली. लग्नात मी गेलो होतो. त्यांची आई मांडवात खुर्चीवर बसली होती, नव्वदीला टेकलेली, आवाज मात्र खणखणीत. मला जवळ बोलावून म्हणाली, “तुमी हिच्या हापिसातले का? मंग हिला सांगा जरा. पावणे इचारत्यात, ह्यो लग्नाला परवानगी देणारा सायब कोण म्हून.” आजूबाजूचे सगळे हसले. मॅडमही हसल्या. त्यांचं असं मोकळं हसणं मी एवढंच पाहिलं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात त्या खचत गेल्या. आई अंथरुणाला खिळली. मॅडम पहाटे उठून तिचं सगळं करून गाडी पकडायच्या आणि आमच्याकडं तेव्हा कामाचा डोंगर होता. एका गिऱ्हाइकाचं काम तर फारच किचकट. लिव्हरच्या पेशींना औषधाचा अगदी थोडा अंश रोज, सलग तीन महिने द्यायचा आणि पेशी किती सोसतात ते पाहायचं. त्यावरून मागच्या इमारतीतल्या उंदरांचा डोस ठरणार होता आणि उंदरांवरून पुढं कधीतरी माणसांचा. तीन महिन्यांतले पंधरा दिवस राहिले होते. त्याच उबेच्या कपाटात दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या पेशी होत्या, कुणाच्या तरी कॅन्सरच्या गाठीतून आलेल्या. या पेशी चिवट असतात आणि भराभर वाढतात.

मग एक दिवस दुपारी बारा वाजता दौंडहून सरांचा, म्हणजे मॅडमच्या नवऱ्याचा, फोन आला, आईची तब्येत एकदम बिघडली म्हणून. मॅडमनी बाटल्या जागेवर ठेवल्या आणि निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी त्या येतील असं कुणालाच वाटलं नव्हतं. पण मी शिरूरहून मोटारसायकलवर येऊन पोचलो तेव्हा त्या माझ्या टेबलापाशी उभ्या होत्या. केस विंचरलेले नव्हते.

“पवार, चुकीचा कागद द्या,” त्या म्हणाल्या.

आमच्याकडं काही चुकलं की भरायचा एक छापील कागद असतो. मी म्हटलं, कशाचा? त्यांनी सांगितलं. प्रत्येक पेशीची मीडियाची बाटली वेगळी ठेवायची, हा त्यांचाच नियम. काल त्यांनी गाठीच्या पेशींना खायला घातलं आणि त्याच बाटलीतून, तीच पिपेट बुडवून, लिव्हरच्या पेशींना घातलं. गाडीत बसल्यावर, पाटसच्या आसपास, त्यांच्या डोळ्यांपुढं आलं की दोन्ही वेळा हातात एकाच नावाची बाटली होती. एखाद-दुसरी पेशी जरी त्या थेंबातून पलीकडं गेली असेल, तरी पंधरा दिवसांत चिवट पेशी मऊ पेशींना हुसकून लावणार. वरून काहीच कळणार नाही. औषध सोसलं म्हणून कागदावर येईल, पण सोसणारं लिव्हर नसेलच.

मी काय म्हणालो ते मला लिहायची लाज वाटते. मी म्हणालो, “मॅडम, कुणी पाहिलेलं नाही. घरी आई तशी आहे. दोन दिवस जाऊ द्या, मग बघू.”

त्या माझ्याकडं पाहत राहिल्या. रागावल्या नाहीत. “मी पाहिलंय की,” म्हणाल्या आणि उभ्या उभ्याच कागद भरला. ‘कारण’ या रकान्यात लिहिलं, लक्ष नव्हतं.

डॉक्टर वाईट माणूस नव्हते, हे मला सांगितलं पाहिजे. दहा वर्षं धडपडून त्यांनी ते सगळं उभं केलं होतं. ते म्हणाले, “झालंच असेल असं नाही मॅडम. शक्यता आहे. शक्यतेवर मी तीन महिन्यांचं काम फेकून देऊ? हे गिऱ्हाईक गेलं तर तुमची खोली बंद करावी लागेल. चार मुली आहेत तुमच्या.” मॅडम म्हणाल्या, “पेशींची ओळख तपासून घ्या पुण्याला. पंधरा दिवस वाढू द्या, मंग माझ्या बाटलीतल्या पाठवा. निकाल येईपर्यंत रिपोर्ट थांबवा. मिसळ न्हाई निघाली तर मला आनंदच हाय.” डॉक्टर हो म्हणाले.

आणि मग त्यांनी मला आत बोलावून सांगितलं की आजच नमुना पाठवा, तळघरात गोठवून ठेवलेल्या जुन्या साठ्यातला. त्याच पेशी आहेत, नाव तेच आहे. मला कळलं त्यांना काय हवंय. न मिसळलेल्या पेशींची तपासणी केली की त्या स्वच्छच निघणार. मी पाकीट तयार केलं, त्यावर सही केली. शिरूरला नुकतंच घर बांधायला काढलं होतं. हे कारण आहे असं नाही, तेव्हा ते डोक्यात होतं एवढंच.

आठ दिवसांनी मॅडमची आई गेली. दौंडला पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता, आम्ही सात-आठजण गेलो. वंदना झाली, लोक जेवायला बसले. मॅडम भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्याच दिवशी सकाळी पुण्याहून निकाल आला होता. मला वाटलं, निदान एक तरी ओझं उतरवावं या बाईच्या डोक्यावरचं. खोटं ओझं खोट्यानं उतरवायला काय हरकत आहे, असंही वाटलं असेल. मी शेजारी बसून हळूच म्हणालो, “मॅडम, निकाल स्वच्छ आलाय.”

त्यांनी मान वळवली. “पंधरा दिवस कुठं झाले अजून?”

मी नजर पंगतीकडं वळवली.

“कुठली बाटली पाठवली, पवार?”

“जुन्या साठ्यातली.”

“मंग माझी कुठं तपासली?”

एवढंच. पलीकडं पंगतीत कुणीतरी आमटी मागत होतं. मॅडमनी पदरानं डोळे पुसले. ते आईसाठी होतं की कशासाठी, मला ठरवता आलं नाही. “जेवून जावा,” त्या म्हणाल्या.

आणखी चार दिवसांनी पंधरा दिवस भरले. सकाळी त्या माझ्याकडं आल्या. हातात त्या लिव्हरच्या पेशींची एक बाटली होती, मीडियानं गळ्यापर्यंत भरलेली, झाकणावर पट्टी गुंडाळलेली. जिवंत पेशी प्रवासाला पाठवताना अशीच बाटली काठोकाठ भरतात, आत हवा राहिली की पाणी हिंदकळतं आणि पेशी तळ सोडतात. त्यांनी ती शालीत गुंडाळून आणली होती. “भिंगाखाली दोन तऱ्हेची तोंडं दिसायला लागलीत,” त्या म्हणाल्या. “पण माझ्या डोळ्यावर कशाला जाता. पाठवा. तुमची सही लागती, म्हून आले. न्हाईतर तुमाला त्रास दिला नसता.”

मी सही केली. धैर्य वगैरे काही नव्हतं. त्या समोर उभ्या होत्या आणि नाही म्हणायला तोंड नव्हतं.

निकाल आला. मिसळ निघाली, आणि निम्म्याहून जास्त गाठीच्याच पेशी. आता कागद दाबून ठेवणं डॉक्टरांच्याही हातात राहिलं नाही. त्यांनी गिऱ्हाइकाला कळवलं, गिऱ्हाइकानं काम काढून घेतलं, त्याच्यामागून दुसऱ्यानंही. डॉक्टर मॅडमना एक शब्द टाकून बोलले नाहीत. फक्त त्या महिन्यात ते एकदम म्हातारे दिसायला लागले. पेशींची खोली बंद करायची ठरली. उंदरांची इमारत चालू राहिली आणि माझी नोकरीही.

शेवटच्या आठवड्यात चौघींपैकी एक, यवतची रूपाली, कँटीनमध्ये मोठ्यानं म्हणाली, “चूक मॅडमची आन् घरी बसायचं आम्ही.” मॅडम चहा घेऊन मागच्याच टेबलाशी बसल्या होत्या. सगळ्यांनी माना खाली घातल्या. मॅडमनी चहा संपवला, कप धुवून ठेवला आणि रूपालीजवळ जाऊन म्हणाल्या, “खरं हाय तुझं.” त्यानंतर दोन महिने त्या पुण्यापासून बारामतीपर्यंत रक्त तपासणाऱ्या लोकांचे उंबरे झिजवत होत्या, मुलींसाठी. तिघींचं कुठंकुठं जमलं. रूपालीनं त्यांना दार उघडलं नाही.

दीड वर्षानंतर मला त्या दौंडच्या स्टँडवर दिसल्या. मी कामासाठी आलो होतो. त्या बारामतीच्या गाडीची वाट पाहत होत्या. केस सगळे पांढरे झालेले. म्हणाल्या, तिकडं केळीची रोपं बाटलीत वाढवतात, तिथं लागले. “केळी बरी. चुकलं तर फार तर घड येत न्हाई.” आम्ही दोघंही जरासं हसलो. इतके दिवस जे विचारायचं होतं ते मी विचारून टाकलं.

“मॅडम, कधी असं वाटतं का, तो कागद लिहिला नसता तर?”

“कागदाचं काय न्हाई वाटत,” त्या म्हणाल्या. त्यांनी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. “चूक झाली त्या दिवशी सकाळी आईनं पदर धरला होता माझा. म्हणली, इमल, आज नगं जाऊ. मी पदर सोडवून घेतला. म्हणलं, आई, पेशी उपाशी राहत्याल. दुपारी तिची वाचाच गेली. मंग मरंस्तवर बोलली न्हाई.”

त्यांनी पदर खांद्यावरून नीट ओढून घेतला.

“आन् तिथं जाऊन केलं काय, तर ते.”

बारामतीची गाडी लागली. लोक दारात घुसले. मॅडम सगळ्यांच्या शेवटी चढल्या. बसायला जागा मिळाली नाही, तेव्हा वरच्या दांडीला धरून त्या उभ्या राहिल्या. गाडी फाटकाबाहेर वळेपर्यंत मला त्यांची पाठ दिसत होती.